मास्तरांच्या नावाची चीज

फोटोतल्या माणसाचा हेवा करू नये, एवढं मलाही कळतं. त्यात तो माणूस आपला गुरू, तो जाऊन कितीतरी वर्षं झालेली, फोटोला ताज्या शेवंतीचा हार आणि पुढं उदबत्ती. तरीही परवा नांदेडला मुलींच्या शाळेत, संगीताच्या त्या जुन्या खोलीत, पाहुणी म्हणून खुर्चीत बसले आणि समोरच्या भिंतीवर मास्तर दिसले, तेव्हा तो जुना हेवा पुन्हा जागा झाला. फोटोत मास्तरांनी मान जराशी डावीकडं कलती ठेवली आहे. कुणीतरी आपलं कौतुक करतंय आणि ते थांबवावं कसं हे कळत नाही, अशी ती मान. जिवंतपणी ते असेच बसायचे.

खोली बदललेली नाही. पेटीच्या भात्याचा चामडी वास, तबल्यावर घासायच्या पावडरीचा वास, आणि सतरंजी झटकली तरी तिच्यातून न जाणारी धूळ. लाल रिबिनी बांधलेल्या मुली ओळीनं बसल्या होत्या. संगीताच्या बाईंनी माईक हातात घेऊन सांगितलं, आता आमच्या विद्यार्थिनी मास्तरांची सर्वांत गाजलेली बंदिश सादर करतील, ज्या एका बंदिशीनं मराठवाड्याचं नाव गाण्याच्या दुनियेत गेलं. मुलींनी सूर धरला, ‘रीती गागर भारी लागी’. रिकामी घागर जड झाली.

ती चीज माझी आहे. मास्तरांची नाही. मी बांधली, मी पहिल्यांदा गायले. हे वाक्य मी आयुष्यात फार थोड्या माणसांपुढं बोलले, आणि ज्यानं ऐकावं म्हणून जीव टाकला, त्यानं ते हसण्यावारी नेलं. म्हणून इथं लिहून ठेवते. वाचणाराही हसलाच तर आता माझं काय जाणार आहे?

मुली गात होत्या, सारंगाचे सूर खोलीभर पसरत होते, आणि मला तुरीच्या धुळीचा वास यायला लागला.

लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमची अडत होती. एरवी तिथं हमालांच्या आरोळ्या, बैलगाड्यांची चाकं, काट्यावर आदळणारी पोती, आणि सगळ्याला पुरून उरणारी धूळ. आईनं दुपारी धुतलेली ओसरी संध्याकाळी पिवळी व्हायची. अमावस्येला मात्र गंज बंद. त्या दिवशी आमच्या दुकानामागच्या लांबट खोलीत गाण्याची बैठक भरायची. पोती भिंतीला सारून त्यांचे लोड व्हायचे, त्यावर पांढऱ्या चादरी. तंबोऱ्याला बारदान्यात गुंडाळून ठेवलेलं असायचं. तो उघडला की तागाचा आणि तेलाचा वास एकदम नाकात शिरायचा. बंद बाजारातली ती शांतता मला अजून कानात भरून ठेवल्यासारखी आठवते. त्या शांततेत तंबोऱ्याची पहिली तार छेडली की वळचणीची कबुतरं उडायची, आणि आप्पा म्हणायचे, “हं, तेनी उठले. आता मानसांनी बसावं.”

आप्पा म्हणजे माझे वडील. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात धुवट सदरा, आणि बोलण्यात कुणालाही न सोडायची सवय. त्यांना गाणं येत नव्हतं. एक सूर धड लावता यायचा नाही. पण ऐकावं तर त्यांनी. समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, त्यांची मान अशी पडायची, की नवखा तबलजी त्यांच्याकडं बघून ठेका सावरायचा. मी दुसऱ्या कुणासाठी कधी गायलेच नाही, त्या मानेसाठी गायले. ती मान पडली की माझं जेवण झाल्यासारखं व्हायचं.

त्यांचे दोस्त कादर वकील अमावस्येच्या अमावस्येला नांदेडहून सकाळच्या एसटीनं यायचे. मूळचे लातूरचेच, वकिली नांदेडला. त्यांच्या अशिलांना अमावस्येला हमखास पुढची तारीख मिळते, असं आप्पा सांगत फिरायचे. वाटेवरच्या लोहा गावची धूळ शेरवानीवर, अर्धापूरच्या केळ्यांची फणी हातात. दारातच वकील म्हणायचे, “शरण, आप्पा.” आप्पा म्हणायचे, “आदाब, वकीलसाब.” एवढं एकमेकांच्या रीतीनं झालं की मग पुढं दिवसभर भांडण.

भांडणाचा विषय एकच. मास्तर मोठे बंदिशकार की नाहीत?

मास्तरांचा जन्म औशाजवळच्या खेड्यातला, नोकरी नांदेडच्या या मुलींच्या शाळेत. तेही त्याच एसटीनं यायचे, वकिलांच्या मागच्या बाकावर बसून. अंगात गव्हाळी कोट, खिशात लिंबू आणि लहानशी सुरी. चीज सांगायच्या आधी लिंबू कापून ते मिठाबरोबर चोखायचे. ते समोर बसलेले असतानाच त्यांच्यावरून ही भांडणं चालायची, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

“बंदिश बांधावी तर मास्तरांनी,” आप्पा सुरुवात करायचे. “बाकीचे नुसते बोल जुळवत्यात.”

“आप्पा, तुमचा मास्तर बंदिश बांधत न्हाई,” वकील केळं सोलत म्हणायचे. “जुन्या बंदिशीला ठिगळ लावतो. कपडा दुसऱ्याचा, शिलाई ह्याची.”

“शिलाई तरी हाय न्हवं? कोर्टात बसून बसून तुमचा कान गेलाय.”

“कान शाबूत हाय म्हणूनच बोलून राहिलो. एक चीज दाखवा, फकत एक, की जी ऐकून मी गप बसेन.”

“तुमी गप बसल्यावर आशिलानं कुनाकडं बघावं ओ?”

सगळी बैठक हसायची. मास्तरही. लिंबाची फोड वकिलांपुढं करून ते म्हणायचे, “ठिगळ बरं बसलं होतं का न्हाई, तेवढं सांगा.” मास्तर दुष्ट असते, कोते असते, तर माझं काम किती सोपं झालं असतं! त्यांचा राग करता आला असता. पण ते चांगले होते. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार जड जातं, कारण त्यात आपणच वाईट ठरतो.

मला ते शिकवायचे अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, परतीची गाडी धरायच्या आधी. लिहून घ्यायचं नाही, ऐकायचं आणि म्हणायचं. त्यांच्या प्रत्येक चिजेच्या अंतऱ्यात, म्हणजे चिजेच्या दुसऱ्या भागात, शेवटाकडं त्यांचं टोपणनाव यायचं, धूलरंग. गाण्यातली माणसं त्याला मुद्रा म्हणतात. चीज कुणी बांधली त्याची ती खूण. पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मास्तरांशिवाय कुणाच्या चिजा शिकलेच नव्हते. मला वाटायचं, अंतरा म्हटला की त्यात धूलरंग हवंच, भाजीत मीठ हवं तसं. कुठल्यातरी रंगाचं नाव असेल, असंही वाटायचं.

मग बहात्तरचं साल आलं. त्या सालाबद्दल सगळेच सांगतात, त्यामुळं मी फक्त माझ्या नाकाला आणि कानाला जे आठवतं ते सांगते. रेशनवर आलेल्या लाल परदेशी ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरीचा कुबट वास. थापतानाच तिला भेगा पडायच्या. दुष्काळी कामावर वाटलेल्या सुकडीचा खमंग वास, जो फार चांगला असायचा आणि म्हणूनच लाज वाटायची. गंजातल्या आरोळ्या बंद झाल्या. बैठकीला टेकायला पोती उरली नाहीत; लोक उघड्या भिंतीला पाठ लावून बसायचे आणि उठताना त्यांच्या सदऱ्यांच्या पाठी चुन्यानं पांढऱ्या झालेल्या असायच्या. पाणक्या कामाच्या शोधात कुठं निघून गेला. मग पाणी आणायचं माझ्याकडं आलं.

औशाच्या रस्त्यावर एका मळ्यात विहीर होती, तिला तेवढं पाणी टिकून होतं. मी पितळी घागर घेऊन जायची. जाताना रिकाम्या घागरीवर बांगडीचा ठेका धरला की छान घुमायचं. रस्त्याचं काम चालू होतं, कडेला बायका खडी फोडत बसलेल्या, त्यांच्या हातोड्यांचा आवाज एकसारखा, कुणी न थांबवलेल्या ठेक्यासारखा. त्या ठेक्यावर मी गुणगुणायला लागले. मधे खडीचे ढीग आडवे असायचे. ढिगावरून चढताना तोंड मिटून चालावं लागायचं, नाहीतर तोल जायचा. पलीकडं उतरलं की राहिलेल्या मात्रांत घाईघाईनं शब्द बसवून सम गाठायची. असं रोज. हळूहळू ते गुणगुणणं तिथंच, त्याच जागी, उशिरा उठायला, म्हणजे ठेक्याच्या मागून सुरू व्हायला, लागलं. ‘रीती गागर’ हे शब्द कधी आले सांगता येणार नाही. कित्येकदा विहिरीवर पोचेपर्यंत पाणी संपलेलं असायचं आणि मी घागर तशीच परत आणायची. ती भरलेल्या घागरीपेक्षा जड लागायची, हे खोटं नाही. खडी फोडणारी एक म्हातारी एकदा म्हणाली, “पोरी, कालचंच म्हण की, बरं वाटतंय काम करताना.” माझी पहिली दाद ती.

अंतरा जुळायला वेळ लागला. शेवटची ओळ सापडत नव्हती. मग आपोआप आली, ‘धूलरंग कहे, कित जाऊँ नीर भरन’, पाणी भरायला कुठं जाऊ. म्हटल्यावर चीज पुरी झाल्यासारखी वाटली. अंतऱ्याला लागणारं सगळं तिच्यात आलं होतं.

वेळ अमावस्येला आमच्याकडं कधीच बैठक नसायची. त्या दिवशी सगळं लातूर शेतात असतं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलाचं मडकं, म्हणजे बिंदगी, डोक्यावर घेतलेले गडी, आणि या शेतातून त्या शेतात जेवायची बोलावणी. त्या वर्षी शेतात जाऊन काय पुजायचं होतं? ज्वारी उभीच नव्हती. आप्पा म्हणाले, “मंग बैठक करू. घरात बसून रडन्यापरीस बरं.” आईनं होती ती डाळ शिजवून कशीबशी भज्जी केली, आंबिलात पाणी जास्त घातलं. वकील आले. मास्तर मात्र किनवटकडं बहिणीच्या घरी अडकले होते, आले नाहीत. गाणारं कुणी नव्हतं. आप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, “तू म्हन गं काहीतरी.”

मी सारंग धरला आणि ‘रीती गागर’ म्हटली.

खोलीत उघड्या भिंती असल्यामुळं आवाज जास्तच घुमत होता. पहिल्या आवर्तनाला कुणी हललं नाही. दुसऱ्याला, ढीग उतरून शब्द समेवर आले आणि आप्पांची मान पडली. अशी पडली, की मला वाटलं आता ते वर बघणारच नाहीत. वकिलांच्या हातात अर्धं सोललेलं केळं होतं, ते तसंच राहिलं. अंतरा संपला. कुणीतरी नाक शिंकरलं. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या घरी त्या दिवशी रिकामी घागर होती.

मग वकील अगदी हळू म्हणाले, “मानली. आप्पा, ही चीज मी मानली.”

“ऐकलंत?” आप्पा उठून उभेच राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “ऐकलंत न्हवं? ह्याला म्हनत्यात बंदिश! मास्तर हो, मास्तर! कुठं बसलाव किनवटला!”

मी तोंड उघडलं होतं. मी सांगणारच होते. पण माझ्याकडं कुणी बघतच नव्हतं. सगळे रिकाम्या जागेकडं, जिथं मास्तर बसायचे तिकडं, बघत होते.

संध्याकाळी वकील गाडीला गेल्यावर मी सांगितलं. “आप्पा, ती चीज मी केलीय.” आप्पा खो खो हसले. मला जवळ ओढून म्हणाले, “चीज गळ्यात बसली की आपलीच वाटती लेकरा. ह्यालाच तर गानं म्हनत्यात.” दुसऱ्या दिवशी गंजातल्या प्रत्येक पेढीवर त्यांनी हा किस्सा सांगितला, पोरगी म्हणती, माझी हाय! मी आईकडं गेले. ती परातीत मिलो निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि ती म्हणाली, “नाव त्येंचं घातलीस, तर त्येंचीच हुनार की ग.”

पुढच्या अमावस्येला मास्तर आले. दारातच त्यांच्या गळ्यात हार. ते गोंधळून गेले. मला गायला बसवलं. मास्तर ऐकत राहिले, हातातलं लिंबू न कापता. गाणं संपल्यावर ते स्वच्छ म्हणाले, “आप्पा, ही माझी न्हाई.”

एवढं सरळ वाक्य होतं. पण बैठकीत सरळ वाक्याला कोण विचारतो?

“बगा, केवढा विनय!” आप्पा म्हणाले.

“विनय कुठला? कबुली हाय,” वकील म्हणाले. “आज एकदाचं तोंडानं बोलला, की ह्याच्या चिजा ह्याच्या नसतात.”

“मुद्रा कुनाची हाय मग? धूलरंग कोन, तुमचा चुलता?”

“मुद्रेचं काय, मी पन उद्या सातबाऱ्यावर तुमचं नाव काढून माझं लावीन!”

आणि मास्तर पुन्हा पुन्हा सांगत राहिले, माझी नाही, खरंच माझी नाही, आणि जितक्यांदा सांगितलं तितके ते मोठे होत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवताना त्यांनी विचारलं, “तू केलीस न्हवं?”

“हाव.”

“मग माझं नाव कामून घातलंस त्यात?”

“अंतऱ्यात घालायचंच असतंय की.”

मास्तर इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “आता ते निघायचं न्हाई बघ. मी सांगून थकलो. पुढची करशील त्यात घालू नको.”

पुढची झालीच नाही. कितीदा बसले, कितीदा सूर जुळवले. शब्द यायचे, चाल यायची, आणि दोन दिवसांत शिळी व्हायची. मास्तरांकडं शेकडो चिजा होत्या. माझ्याकडं एकच होती, आणि तीही त्यांच्याकडं. त्यांच्या त्या शेकडो चिजा हळूहळू मागं पडल्या, लोक विसरले, आणि माझी एक उरली. त्या एकीच्या जोरावर त्यांचं नाव चाललं. हे बघत बसणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळावं. कुणी म्हणालं, ‘रीती गागर’वाले मास्तर, की मी घरात येऊन उगीच भांडी आपटायची.

मास्तर नांदेडलाच वारले. मीही तोवर लग्न होऊन नांदेडला आले होते आणि घरी चार मुलींना शिकवत होते. त्या मुली पहिल्याच महिन्यात म्हणायच्या, बाई, ती मास्तरांची शिकवा ना.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेतून वेगळं निघालं. मी माहेरी गेले तेव्हा गावभर रंगाचा वास होता. जुन्या पाट्या पुसून नव्या पाट्यांवर ‘जिल्हा’ रंगवणं चाललेलं. माणसं चालायचीसुद्धा वेगळी. आप्पा तर आपणच कलेक्टर झाल्यासारखे बोलायचे. त्यात आता मास्तरही वाटणीला आले.

“आता आमचा जिल्हा सवता,” आप्पांनी वकिलांना सुनावलं. “मास्तर औशाचे. मंजे लातूर जिल्ह्याचे. मंजे आमचे.”

“जन्म तुमच्याकडं, पगार आमच्याकडं,” वकील म्हणाले. “मानूस जिथं जेवतो तिथला. मास्तर नांदेडचा.”

“तुमी तर ठिगळ म्हनत होता की ओ!”

“ठिगळच होतं! पर नांदेडचं ठिगळ होतं!”

दोघांचेही केस पांढरे झाले होते. हसताना दोघांनाही खोकला यायचा, आणि एकाला आला की दुसरा पाणी पुढं करायचा.

नव्या जिल्ह्याच्या कौतुकात मास्तरांच्या नावानं गाण्याचा कार्यक्रम ठरला. मांडव, नव्या कनातीचा वास, पुढच्या रांगेत खुर्च्या. गायला मी, कारण ती चीज पहिल्यांदा मी गायलेली. मी ठरवून गेले होते. चार लोकांत, आप्पांसमोर, माइकवर सांगायचं. पण तंबोरे लागले आणि समोर आप्पा दिसले, नवा फेटा बांधून आलेले, आणि तोंडातून शब्द निघेना. मग म्हटलं, बोलायचं नाही, गाण्यातच करायचं. अंतऱ्याला आले आणि ‘धूलरंग’ सोडून दिलं. ती जागा नुसत्या ‘आ’कारानं भरली आणि समेवर आले. आयुष्यात पहिल्यांदा ती चीज माझ्यासारखी वाटली.

पुढच्या रांगेतून आप्पांचा खणखणीत आवाज आला, “नाव ऱ्हायलं! मास्तरांचं नाव ऱ्हायलं!”

सगळा मांडव हसला, कौतुकानं. तबलजीनं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. मी ती ओळ पुन्हा घेतली, नावासकट. आप्पांची मान पडली. टाळ्या थांबेनात.

कार्यक्रम झाल्यावर मांडवाच्या कडेला बशीत चहा ओतता ओतता वकील माझ्याशेजारी आले. “बेटा, नाव तू मुद्दाम सोडलंस.”

मी माझा चहा बशीत ओतू लागले.

“मास्तरच्या समद्या चिजा वेळेवर उठतात. ही एकच उशिरा उठते. मी वकील मानूस, मला उशीर लगेच कळतो. कुनाची हाय ही?”

मी त्यांना खडीच्या ढिगांची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा काढून शेरवानीच्या टोकाला पुसला, बराच वेळ पुसला. “आप्पाला सांगू का?”

“सांगा. माझं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतील.”

“माझं?” वकील हसले. “माझं त्यानं आजवर ऐकलंय कवा? तरी सांगतो.”

त्यांनी सांगितलं. एकदा नाही, दर अमावस्येला सांगितलं. आप्पा म्हणायचे, “हरलास, म्हनून आता माझ्या पोरीचं नाव पुढं करतोस व्हय?” त्यांच्या भांडणात तो आणखी एक मुद्दा झाला. मला वाटायचं, वकिलांनी थोडं कमी भांडायला हवं होतं.

कादर वकील गेले त्यानंतर बैठक मोडली. म्हणजे कुणी मोडली नाही, पण अमावस्येला आप्पा दाराकडं बघत बसायचे आणि कुणी गायला लागलं तरी ऐकायचे नाहीत. मी माहेरी गेले होते. दुपारची वेळ. आप्पा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. एकाएकी म्हणाले, “वकील जाताना मला म्हनून गेला. ती चीज तुझी हाय म्हने.”

माझा हात शेंगांच्या सुपातच राहिला.

“जिता हुता तवर वाटलं, मला हरवायला म्हनतोय. पर मरताना कोन कशाला हरवंल?” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेची मी लहानपणापासून वाट बघत होते. “खरंच तुझी हाय का?”

“हाव, आप्पा. माझी हाय.”

 हातातली शेंग त्यांनी फोडली नाही, तशीच धरून ठेवली. त्यांच्या तोंडावर मला काय दिसायला हवं होतं ते मी कितीतरी वर्षं मनात रंगवलं होतं. ते दिसलं नाही. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, घरातलं कुणी गेल्यावर उतरतो तसा. मग ते म्हणाले, “मंग मास्तरांचं काय ऱ्हायलं गं?”

मला तेव्हा मास्तरांचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आधी कधी वाटला नव्हता आणि नंतरही नाही. मी लेक होते. समोर बसले होते. आणि आप्पांना काळजी लागली होती ती मास्तरांची. ज्यासाठी त्या दोघा मित्रांनी जन्मभर भांडण केलं, ते सगळं त्यांच्या हातातून निसटत होतं, आणि वकील आता भांडायलाही नव्हते.

मी शेंग उचलली, फोडली, दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. मी म्हणाले, “गंमत केली, आप्पा. मास्तरांचीच हाय. वकीलचाचांनी तुमाला शेवटपर्यंत सोडलं न्हाई बघा.”

आप्पा क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. “लई बिलंदर. जाता जाता डाव टाकून गेला मेला. तेच म्हनलं! मास्तरांबिगर असलं कोन करंल?” त्यांनी दाणे तोंडात टाकले. त्या तोंडावर आता मला हवं होतं ते सगळं होतं. फक्त ते माझ्यासाठी नव्हतं. त्यानंतर मी हे कुणाला सांगितलं नाही.

नांदेडच्या त्या खोलीत मुलींचं गाणं संपलं. टाळ्या झाल्या. बाईंनी माईक माझ्यापुढं धरून विचारलं, मुलींना काही सांगाल का, काही सुधारणा? मुली माझ्याकडं आशेनं बघत होत्या. मी म्हणाले, छान म्हटलंत, पण अंतऱ्यात मास्तरांचं नाव घाईनं उरकता, तिथं जरा थांबा, ते स्पष्ट यायला हवं. मुलींनी ती ओळ पुन्हा म्हटली. या वेळी नाव अगदी लख्ख ऐकू आलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.